उंच टाकी आणि उंचावरची टाकी

मुलांनो, आज आपण एक गाव मनात उभं करू या. कागद-पेन्सिल काही नको. एक पाट घ्या आणि त्याची एक कड विटेवर टेकवा. झालं आपलं गाव. पाटाची जी कड जमिनीला टेकली आहे तिथे जुना चौक, नगरपालिकेची इमारत, दवाखाना आणि दुकानं आहेत असं समजा. जी कड विटेवर आहे ती टेकडी. टेकडीवर पूर्वी दगड आणि बकऱ्या होत्या. मग गाव वाढलं. खाली जागा उरली नाही, तशी नवी माणसं टेकडीवर घरं बांधायला लागली. आधी चार घरं झाली, मग एक गल्ली झाली, आणि बघता बघता बकऱ्यांनाच जागा उरली नाही. टेकडीवरच्या या घरांना सगळे वरची वस्ती म्हणायचे.

आता या पाटावर वाटीभर पाणी ओता. कुठे गेलं? खालच्या कडेला. थोडंसं तरी वर गेलं का? पुन्हा ओतून बघा. नाही ना?

एवढं ज्याला समजलं तो त्या गावच्या नगरपालिकेपेक्षा हुशार. पण लगेच कॉलर ताठ करू नका. तेवढ्यासाठी फार हुशारी लागत नव्हती.

गावाला पाण्याची टाकी बांधायची होती. टाकी कशाला लागते ते आधी सांगतो. नदीवरचा पंप पाणी पाठवतो ते एकाच चालीने. माणसं मात्र एकाच चालीने पाणी वापरत नाहीत. सकाळी सगळ्यांना एकदमच अंघोळ आठवते, दुपारी कुणालाच आठवत नाही. म्हणून मधे टाकी हवी. कुणी वापरत नसेल तेव्हा तिने भरायचं आणि सगळे वापरतील तेव्हा पुरवायचं. ती किती मोठी हवी? आज गावात माणसं किती हे बघायचं. मग तुम्ही मोठे व्हाल, तुम्हाला मुलं होतील, तेव्हा किती असतील हे बघायचं. पंप बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत पुरेल इतकं जास्तीचं धरायचं. कुठे आग लागली तर बंबासाठी वेगळं राखायचं. आणि टाकी कुठे हवी? ज्या घरांना पाणी द्यायचं त्यांच्या नळांपेक्षा वर. तिने वर बसायचं आणि खाली पाणी सोडायचं, बाकी तिला काही काम नाही. नगरपालिकेतही वर बसणारे पुष्कळ होते. त्यांच्या हातून खाली काही सुटायचं नाही, एवढाच फरक.

गावाने सभा भरवून एकमताने मागणी केली होती की गावासाठी उंचावरची टाकी बांधावी. टेकडीचा अगदी माथा तेवढा मोकळा उरला होता, सपाट होता, नगरपालिकेच्याच मालकीचा होता. सगळ्यांनी हात वर केले. ठराव लिहून घेणारे कारकून फार नीटनेटके. 'उंचावरची' हा शब्द ओळीत मावेना, आणि तोडून पुढच्या ओळीवर नेणं त्यांना बरं दिसेना. म्हणून त्यांनी शब्दाची शेपटीच छाटली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'गावासाठी उंच टाकी बांधावी.'

यात काय बिघडलं असं विचाराल. समजा, तुमच्यापैकी कुणी स्टुलावर उभं राहिलं, तर ते पोर उंचावर आहे. आणि समजा, तुमचे ताडमाड काका कोरड्या विहिरीत उतरलेत, तर ते उंच आहेत. पण फळीवरचा डबा कुणाचा हात लागून निघेल? काकांचा नाही.

ठराव नगराध्यक्षांकडे गेला. त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण लोक त्यांना फीतकापे म्हणायचे. गटाराचं झाकण बदललं तरी ते फीत कापायला हजर. पायखान्याच्या नव्या दाराची फीत त्यांनी दोनदा कापली होती, कारण पहिल्या वेळी फोटो हलला. फीतकाप्यांनी 'उंच' हा शब्द वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. उंच टाकी म्हणजे लांबून दिसणारी टाकी. ती टेकडीवर, बकऱ्यांच्या जागी बांधून कोण बघणार? त्यांनी ठरवलं की टाकी चौकात, नगरपालिकेच्या दारातच बांधायची. तिला घड्याळ लावायचं, रंगीत दिवे लावायचे, वर एक गोल सज्जा काढायचा. शेजारच्या गावातली टाकी किती उंच आहे ते त्यांनी माणूस पाठवून विचारून घेतलं आणि आपली त्याहून जरा जास्त उंच करा म्हणाले. गावात माणसं किती हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही.

या सगळ्याचे नकाशे काढणारे अभियंता म्हणजे टिचकीचे मामा.

टिचकी ही आपल्या गोष्टीतली मुलगी. पाण्याच्या पिंपाला टिचकी मारून आत पाणी कुठवर आहे ते ती आवाजावरून सांगायची, म्हणून तिचं नाव तसं पडलं. तिचे बाबा ती लहान असतानाच गेले होते. आईची लॉन्ड्री होती, वरच्या वस्तीत. दवाखान्याच्या चादरी आणि खाणावळींचे पडदे तिच्याकडे धुवायला यायचे. टेकडीवर वारा भरपूर, त्यामुळे कपडे भराभर वाळायचे. पण लॉन्ड्रीला वाऱ्याआधी पाणी लागतं. वरच्या वस्तीला तेव्हा टँकर यायचा, तोही त्याच्या लहरीने. तो आला नाही की टिचकी ढकलगाडीवर कॅन ठेवून खालच्या नळावर जायची आणि शाळेतला पहिला तास बुडवायची.

मग इतक्या वर दुकान टाकलंच कशाला? तर मामांच्या सांगण्यावरून. गावाची ती टाकीची सभा झाली तेव्हा मामाच बहिणीला म्हणाले होते, की टाकी तुझ्या डोक्यावर येते आहे, डोळे मिटून जागा घे. तिने विश्वासाने घेतली. टँकरच्या भरवशावर तिने कसंबसं रेटलं होतं ते टाकी येणार म्हणून. टाकी खाली झाली तर दुकानाला कुलूप लावायचं आणि मायलेकींनी मामांच्या घरामागच्या खोलीत राहायला जायचं, एवढा एकच रस्ता होता.

त्या खोलीत त्या आधीही राहिल्या होत्या. मामी तशा वाईट नव्हत्या. त्यांना फक्त आपण केलेले उपकार विसरता यायचे नाहीत. त्या टिचकीच्या आईला गोड आवाजात म्हणायच्या, "वन्सं, आमच्याकडे साबणाची वडी पुरून उरायची हो. तुम्ही आल्यापासून नुसती विरघळते." टिचकीने ग्लासभर दूध घेतलं की मामी भांड्यात वाकून बघायच्या, जणू तळाशी काही पडलंय. टिचकीने ठरवलं होतं की जन्मभर कॅन ओढीन, पण त्या खोलीत परत जाणार नाही.

मामांना पाणी कुठून कुठे वाहतं हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. चांगलं ठाऊक होतं. शिकलेला माणूस. ज्याला कळत नाही त्याचा मला राग येत नाही, त्याला मी शिकवतो, दहा वेळा शिकवतो. पण ज्याला कळतं आणि तरी जो मान डोलावतो, त्याला कुठली इयत्ता लावायची? फीतकापे म्हणाले टाकी चौकात, मामा म्हणाले होय. फीतकापे म्हणाले घड्याळ लावा, मामा म्हणाले होय. एकदा फीतकाप्यांनी विचारलं की टाकीत मासे सोडले तर शोभा येईल का, तर मामा होय म्हणून गेले आणि रात्रभर तळमळत बसले.

मामा दर रविवारी आपले शर्ट घेऊन वर यायचे. बहिणीकडची इस्त्री, फुकटात कडक. त्या रविवारी आईने त्यांचा शर्ट टेबलावर पसरला आणि इस्त्री फिरवता फिरवता विचारलं, की टाकी चौकात बांधताय असं ऐकलं, खरं का? मामा म्हणाले, वरून आदेश आहे.

"आदेश वरून खाली येतात, बरोबर," आई म्हणाली. "पाणीही तसंच येतं. मग ते खालून वर कसं पाठवणार आहेस, दादा?"

मामा म्हणाले, पंप लावू. आईने विचारलं, की पंपानेच वर चढवायचं असेल तर टाकी हवीच कशाला, आणि वीज गेली की आम्ही काय टाकीच्या घड्याळात किती वाजले ते बघत बसायचं? मामांनी तिला सांगितलं की हे तांत्रिक आहे, तू आपली लॉन्ड्री बघ. तिने इस्त्री बाजूला उभी केली. मामांची एक बाही चुरगळलेलीच राहिली होती, ती तिने तशीच घडी केली आणि शर्ट त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर नगरपालिकेने हरकती आणि सूचना ऐकायला लोकांना बोलावलं. कायद्यात तसं लिहिलेलं असतं म्हणून बोलावतात. ऐकावं असं लिहिलेलं नसतं. मोठं दालन होतं, भिंतीवर जुन्या नगराध्यक्षांच्या तसबिरी, पंखे कुरकुरत होते. पुढच्या खुर्च्यांवर मान्यवर बसले होते. मान्यवर म्हणजे ज्यांना आपण का आलोय हे माहीत नसतं, पण खुर्ची पहिल्या रांगेत हवी असते. मागे उभ्याने वरची वस्ती. टिचकी आईचा हात धरून.

टेबलावर गावाचं मॉडेल मांडलं होतं. पुठ्ठ्याची घरं, निळ्या कागदाची नदी, आणि मधोमध चौकात लाकडाची टाकी, चांगली बादलीएवढी. मॉडेल करणाऱ्या सुताराने टेकडी आधी मापात केली होती. पण फीतकापे बघायला आले तर टेकडीपुढे टाकी खुजी दिसायला लागली. त्यांनी टेकडी कमी करायला सांगितली. सुताराने ती कापून, घासून भाकरीएवढी सपाट केली. आता टाकी सगळ्या गावावर रुबाबात उभी होती. खरी टेकडी कोण घासणार हे कुणी विचारलं नाही.

फीतकाप्यांनी भाषण केलं. आसपासच्या कुठल्याच गावात इतकी उंच टाकी नाही असं ते निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणाले, आणि पहिल्या रांगेने दर वेळी टाळ्या वाजवल्या. मग टिचकीच्या आईने हात वर केला.

"बोला ताई," फीतकापे म्हणाले. "हरकत आहे की सूचना?"

"प्रश्न आहे."

"प्रश्नाची सोय नाही. हरकत किंवा सूचना."

हशा झाला. आईने तरीही विचारलं, की वरच्या वस्तीला या टाकीतून पाणी कसं मिळणार? पहिल्या रांगेतले एक गलेलठ्ठ गृहस्थ मागे न वळताच म्हणाले, की वरच्यांना ढग जवळ पडतात, त्यांनी टाकीवर कशाला डोळा ठेवावा. पुन्हा हशा. फीतकापेही हसले आणि म्हणाले की बाईमाणसाने तांत्रिक गोष्टींनी डोकं शिणवू नये, आपले अभियंता समर्थ आहेत. मामा मान खाली घालून नकाशाची गुंडाळी आणखी घट्ट करत होते.

आई खाली बसली नाही, कारण तिला खुर्चीच नव्हती. पण टिचकीने तिचा हात सोडला. टिचकी दोन माणसांच्या मधून वाट काढत पुढे आली.

"माझी सूचना आहे," ती म्हणाली.

लहान मुलगी बघून फीतकापे विरघळले. कॅमेरावाला शेजारीच होता. त्यांनी तिला जवळ घेतलं, चेहरा कॅमेऱ्याकडे केला आणि म्हणाले, बोल बाळ.

"मामांनी एका शब्दात सांगावं. टाकीचा तळ आमच्या उंबऱ्याच्या वर आहे की खाली?"

मामा उठले. घसा खाकरला. समुद्रसपाटीपासून सुरुवात केली, मग पाण्याच्या दाबावर आले, मग 'सर्वसाधारणपणे' असं म्हणाले आणि तिथेच थांबले. फीतकाप्यांना उशीर होत होता.

"अहो, होय म्हणा आणि मोकळे व्हा," ते म्हणाले.

पण 'वर की खाली' याला होय म्हणता येत नाही. असा प्रश्न मामांच्या नोकरीत कुणी कधी घातलाच नव्हता. ते पहिल्या रांगेकडे बघत राहिले, मग बहिणीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पंख्याकडे बघत होती.

"खाली," मामा म्हणाले. आणि जरा वेळाने, आणखी हळू, "झाकणसुद्धा खालीच."

दालनात कुणी हसलं नाही. आता काही तरी होईल असं तुम्हाला वाटलं असेल. टिचकीलाही वाटलं. फीतकापे मात्र शांतपणे म्हणाले की मुद्दा चांगला आहे, नोंदवून घ्या, पुढे कधी तरी विचार करू. ठरावात उंच म्हटलंय, आपण उंचच बांधतो आहोत. मॉडेल उद्यापासून चौकात ठेवा. सर्वांनी चहा घेऊन जावा. आणि लोक खरंच चहाकडे वळले. वरच्या वस्तीतलेसुद्धा काही वळले. ज्यांच्या घरात चहापुरतं पाणी नव्हतं ते तिथे रांगेत उभे राहिले आणि कपबशी आधी कुणाला मिळावी यावरून एकमेकांना कोपरं मारायला लागले.

टिचकीने मॉडेलमधली टाकी दोन्ही हातांनी उपटली.

"ए, ठेव ती," दारावरचा शिपाई म्हणाला. "कुठे नेतेस?"

"जागेवर," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

शिपायाने तिच्यामागे पळावं की नाही याचा आदेश कुणाकडून घ्यायचा हे त्याला कळेना, म्हणून तो उभाच राहिला. कॅमेरावाला मात्र धावला. उंच टाकी गावातून चालत निघाली आहे, असा फोटो रोज मिळत नाही. कॅमेरा बाहेर गेल्यावर फीतकापे आत कशाला थांबतील? तेही निघाले. ते निघाले म्हणून पहिली रांग निघाली, पहिली रांग निघाली म्हणून बाकीचे कप तसेच ठेवून निघाले. ही त्या गावाची चालायची पद्धतच होती.

टिचकी चांभाराच्या दुकानावरून, औषधाच्या दुकानावरून वळली आणि चढाला लागली. टाकी जड होती. वळणावर ती तिने गुडघ्यावर टेकवली, दम घेतला आणि पुन्हा उचलली. आईने पुढे होऊन हात लावायला बघितलं, पण तिने मान हलवली. मागून फीतकाप्यांचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. इतकी वर्षं ते या गावाचे नगराध्यक्ष होते, पण हा रस्ता त्यांनी पायांनी कधी बघितला नव्हता. गलेलठ्ठ गृहस्थ पहिल्याच वळणावर एका ओट्यावर बसले ते बसलेच.

माथ्यावर पोचल्यावर फीतकाप्यांनी कमरेवर हात ठेवून खाली बघितलं. चौक पायांखाली, बशीएवढा. नगरपालिकेच्या छपरावर कुणी तरी वाळत घातलेला टॉवेलही वरून दिसत होता. मग त्यांनी मागे बघितलं. गल्ल्याच गल्ल्या, छपरंच छपरं, दोऱ्यांवर चादरी, आणि काय चाललंय ते बघायला दारादारांत उभी राहिलेली माणसं.

"एवढी घरं कधी झाली?" ते पुटपुटले.

"तुम्ही फीत कापायला आला नाहीत ना," टिचकीची आई म्हणाली, "म्हणून कळलं नाही."

फीतकाप्यांच्या ओठांची हालचाल होत होती. काही जणांना वाटलं की त्यांना पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप? ते दारांतली माणसं मोजत होते. निवडणूक जवळ आली होती, आणि खालच्या गावापेक्षा इथे मतं जास्त दिसत होती. मोजून झाल्यावर त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, कॅमेऱ्याकडे वळले आणि एखादी नवी गोष्ट सुचावी तशा आवाजात म्हणाले, "टाकी इथेच होणार. माझं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं. काय हो अभियंता?"

"होय," मामा म्हणाले.

वरच्या वस्तीने टाळ्या वाजवल्या. आता ठराव नव्याने होईल, उद्याच होईल, पूर्ण शब्द लिहून होईल, असं फीतकाप्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि कारकुनांनी मान हलवली. लबाड माणूस लबाडीनेच का होईना पण सरळ बोलला की लोकांना फार आनंद होतो. दोघांनी तर त्यांना खांद्यावर घ्यायची तयारी केली, पण वजनाचा अंदाज घेऊन विचार बदलला. आईने तोंडावर पदर धरला होता. मामा तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बघ, तुला म्हटलं होतं ना, टाकी तुझ्या डोक्यावर येणार म्हणून?" आईने त्यांच्याकडे बघितलं. मामांना पायांखालची जागा अचानक बघावीशी वाटली.

टिचकीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने एक सपाट खडक शोधला, त्यावर लाकडी टाकी ठेवली, ती डुगडुगते का ते बघितलं, आणि एका पायाखाली चपटी खापरी सरकवली. टाकी स्थिर झाली. मग ती वाकली. टाकीच्या पायाशी पितळी रंगाची एक चकचकीत पट्टी चिकटवलेली होती, 'माननीय नगराध्यक्षांच्या संकल्पनेतून साकार'. टिचकीने तिच्या कडेत नख घातलं आणि ती सावकाश, न फाडता, सोलून काढली. कॅमेऱ्यासमोर हसत उभ्या असलेल्या फीतकाप्यांजवळ ती गेली.

"काका, हे तुमचं. हे चौकातच लावा," ती म्हणाली. "याला कुठे वर चढायचंय."

आणि ती पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवून तिने त्यांची बोटं एकेक करून मिटवली.